वेष तिचा, हुकूम कोणाचा?



आज मी मुस्लिम स्त्रियांच्या वेषाविषयी बोलणार आहे. निरनिराळ्या देशांत त्या काय परिधान करतात, एका देशातून दुसऱ्या देशात जाताना त्यांच्या वेषाचे काय होते आणि त्याबाबत कायद्याची भूमिका काय, एवढे मला आपल्यापुढे मांडावयाचे आहे. बौद्ध कुटुंबांना या विषयाशी काय कर्तव्य, अशी शंका काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर ओघात येईलच.

मी वकील आहे. वकिलीच्या धंद्यात माणसाला एक सवय लागते. नवा कायदा हाती आला की आम्ही त्याची प्रस्तावना मागाहून वाचतो. शिक्षेचे कलम आधी वाचतो. प्रस्तावनेत प्रत्येक कायदा लोककल्याणाचाच असतो. त्याचे खरे रूप शिक्षेच्या कलमात दिसते. स्त्रीच्या वेषाचा विचारही मी याच रीतीने करतो. डोक्यावर रुमाल आहे की नाही, चेहरा झाकला आहे की उघडा आहे, यावरून ती स्त्री स्वतंत्र आहे की परतंत्र आहे हे कळत नाही. त्यासाठी एकच प्रश्न विचारावा लागतो. तिने "नाही" म्हटले, तर तिचे काय होते? हा प्रश्न मनाशी धरून आपण काही देशांचा प्रवास करू.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मुस्लिम स्त्रीचा म्हणून एकच एक वेष जगाच्या पाठीवर कोठेही नाही. इंडोनेशियातील स्त्री डोक्याच्या रुमालाला जिल्बाब म्हणते. अरब देशांत तोच शब्द अंगभर घ्यावयाच्या वस्त्राचा वाचक आहे. मलेशियात त्या रुमालाला तुडुंग म्हणतात. इराणात चादोर आहे. ती सर्वांगावरून घेतात, पण चेहरा उघडा असतो. अफगाणिस्तानच्या चादरीत डोळ्यांपुढेही जाळी येते. आखाती देशांत काळा अबाया व काही ठिकाणी नकाब आहे. सेनेगलमध्ये घोळदार रंगीत झगा असतो आणि डोक्याला फेट्याप्रमाणे वस्त्र गुंडाळलेले असते. बंगालची मुस्लिम स्त्री पिढ्यान्पिढ्या साडी नेसत आली. मुंबईत राहणाऱ्यांनी बोहरा भगिनींचा रंगीत, लेस लावलेला रिदा पाहिलाच असेल. आणि महाराष्ट्राच्या खेड्यांत लुगडे नेसून, पदर खोचून शेतात राबणारी मुस्लिम स्त्री ही काही परकी गोष्ट नव्हे. सहारा वाळवंटातील तुआरेग नावाच्या मुस्लिम जमातीत तर तोंड झाकून घेण्याची रीत पुरुषांची आहे. स्त्रिया चेहरा उघडा ठेवून वावरतात.

ग्रंथ एक असता वेष इतके का? कुराणाच्या चोविसाव्या सुरेत स्त्रियांनी ओढणी छातीवरून घ्यावी असे सांगितले आहे, तर तेहतिसाव्या सुरेत बाहेर पडताना अंगावर वस्त्र ओढून घ्यावे असे सांगितले आहे. या वचनांचा अर्थ चेहऱ्यापर्यंत न्यावयाचा की केसांपर्यंत, याविषयी त्यांच्याच पंडितांत मतभेद आहेत. चोविसाव्या सुरेत स्त्रियांना आज्ञा करण्यापूर्वीच्या आयतीत पुरुषांना नजर खाली ठेवण्याची आज्ञा आहे. ही आज्ञा मोडणाऱ्या पुरुषासाठी रस्तोरस्ती पोलीस उभे केल्याचे मात्र कोठे दिसत नाही. शिक्षेचे कलम आधी वाचावे असे मी म्हणतो ते यासाठीच.

आता प्रवासाकडे वळू. मुस्लिम समाजातील सर्वांत मोठा प्रवास म्हणजे हजची यात्रा. तेथे पुरुषांसाठी वेष ठरलेला आहे: दोन पांढरी, न शिवलेली वस्त्रे. स्त्रियांसाठी असा ठराविक गणवेष नाही. म्हणून मक्केत इंडोनेशियाची, नायजेरियाची आणि भारताची स्त्री आपापल्या देशीच्या वस्त्रांत दिसते. इहराम बांधल्यावर, म्हणजे यात्रेचे व्रत स्वीकारल्यावर, स्त्रीने नकाब बांधू नये असा तेथील धर्मशास्त्राचा दंडक आहे. जो नकाब काही देशांत धर्माची परिसीमा समजला जातो, तोच त्या धर्माच्या अत्यंत पवित्र प्रवासात वर्ज्य ठरतो. वेषाच्या बाबतीत स्थळ, काळ व रूढी यांचा भाग किती मोठा आहे, हे यावरून ध्यानात यावे.

१९२३ साली इजिप्तच्या हुदा शारावी रोम येथील आंतरराष्ट्रीय स्त्री-परिषदेहून परत आल्या. कैरोच्या रेल्वे स्थानकावर उतरताना त्यांनी तोंडावरील पडदा दूर केला. तसे करण्याचा हुकूम त्यांना कोणी दिला नव्हता. तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता, म्हणूनच त्याचे मोल मोठे. पुढे अनेक स्त्रियांनी त्यांचे अनुकरण केले, तेही आपण होऊन.

आता आपल्या देशातील एक रेल्वे स्थानक पाहा. बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांनी १९११ साली कलकत्त्यात मुस्लिम मुलींसाठी शाळा सुरू केली. १९३१ साली त्यांनी 'अवरोधबासिनी' हे पुस्तक प्रसिद्ध केले. अवरोध म्हणजे कोंडून ठेवणे. त्यात त्यांनी नात्यातील एका स्त्रीची हकीकत दिली आहे. बिहारमधील किऊल स्थानकावर गाडी बदलताना ती बुरख्यात पाय अडकून रुळांवर पडली. हमाल मदतीस धावले, पण परपुरुषाचा स्पर्श होऊ नये म्हणून सोबतच्या दासीने त्यांना अडविले. दासीला एकटीला तिला उचलता येईना. अखेर गाडी सुटली आणि त्या स्त्रीचा अंत ओढवला. येथे पोलीस नव्हता, सरकारी फर्मान नव्हते. शिक्षा देणारी होती ती रूढी. रूढीचे शिक्षेचे कलम कागदावर लिहिलेले नसते. ते माणसाच्या मनात असते, आणि म्हणून त्यावर अपीलही चालत नाही. याच रुकैयांनी बुरख्यावर सरसकट हल्ला मात्र केला नाही. अंग झाकणे वेगळे आणि माणसाला कोंडणे वेगळे, हा भेद त्यांनी 'बोरका' या निबंधात केला. आपणही तो नीट ध्यानात ठेवावा.

इंग्रजी अमदानीतील कायद्यानेही या कोंडवाड्याची दखल घेतली होती. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १३२ असे आहे की, देशाच्या चालीरीतीप्रमाणे ज्या स्त्रियांना चारचौघांत येण्यास भाग पाडणे योग्य नाही, त्यांना न्यायालयात जातीने हजर राहण्यापासून सूट असावी. तसेच पडदानशीन स्त्रीकडून कोणी दस्त करून घेतला, तर तो तिला समजला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी दस्ताचा लाभ घेणाऱ्यावर राहील, असे प्रिव्ही कौन्सिलने ठरविले. हे संरक्षण उपकारक होते यात शंका नाही. पण ते का द्यावे लागले? पडद्यामागे बसलेल्या स्त्रीची जमीन तिच्याच आप्तेष्टांनी अंगठा उमटवून घेऊन लाटावी, असे घडत होते म्हणूनच ना? स्त्री जगापासून दूर ठेवली की तिचा हक्कही तिच्यापासून दूर जातो.

यावर कोणी म्हणेल, मग सरकारने बळजबरीने पडदा काढून टाकावा. हा प्रयोग झालेला आहे. इराणच्या रझाशहाने ८ जानेवारी १९३६ रोजी पडदा उठविण्याचे धोरण जाहीर केले. पोलिसांनी रस्त्यात स्त्रियांच्या डोक्यावरील चादोर ओढून काढले. परिणाम काय झाला? ज्या स्त्रियांना उघड्या डोक्याने फिरणे ही विटंबना वाटत होती, त्या घराबाहेर पडेनाशा झाल्या. ज्यांना स्वातंत्र्य देण्यासाठी फर्मान निघाले, त्याच घरात कोंडल्या गेल्या. १९४१ साली शहा पदच्युत झाला आणि ही सक्ती सैल पडली.

१९७९ साली त्याच देशात क्रांती झाली. क्रांतीनंतर थोड्याच आठवड्यांत सरकारी कचेऱ्यांतील स्त्रियांनी डोके झाकून यावे असा आदेश निघाला, आणि ८ मार्च १९७९ रोजी हजारो स्त्रिया तेहरानच्या रस्त्यांवर निषेधासाठी उतरल्या. त्यांत क्रांतीला पाठिंबा दिलेल्या स्त्रियाही होत्या. १९८३ साली कायदा झाला आणि डोके न झाकणाऱ्या स्त्रीला चौऱ्याहत्तर फटक्यांपर्यंत शिक्षा ठरली. आजीच्या डोक्यावरील वस्त्र सरकारने ओढून काढले. नातीच्या डोक्यावर तेच वस्त्र सरकारने बळाने ठेवले. दोन्ही वेळा सोटा सरकारचा होता आणि डोके स्त्रीचे होते.

सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी नावाची बावीस वर्षांची कुर्द तरुणी आपल्या सक्केज गावाहून तेहरानला आली होती. ती प्रवासी होती. रुमाल नियमाप्रमाणे घातला नाही म्हणून १३ सप्टेंबर रोजी नीतिरक्षक पोलिसांनी तिला पकडले, आणि १६ सप्टेंबर रोजी रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. कोठडीतील शारीरिक हिंसेमुळे हा मृत्यू झाला व त्याची जबाबदारी इराणी शासनावर आहे, असा निष्कर्ष संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने मार्च २०२४ मध्ये काढला. "स्त्री, जीवन, स्वातंत्र्य" ही घोषणा देत लोक महिनोन्महिने रस्त्यावर आले. त्यांत डोक्यावर रुमाल ठेवूनच आलेल्या स्त्रियाही होत्या. त्यांचा झगडा रुमालाशी नव्हता, हुकुमाशी होता.

आता पश्चिमेकडे जाऊ. फ्रान्समध्ये १५ मार्च २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हे घालण्यास बंदी झाली. ११ ऑक्टोबर २०१० रोजी दुसरा कायदा झाला. त्यान्वये सार्वजनिक जागी चेहरा झाकणाऱ्या व्यक्तीस १५० युरोपर्यंत दंड आहे. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे: जो कोणी दुसऱ्यास चेहरा झाकण्याची सक्ती करील, त्यास एक वर्षाची कैद व ३०,००० युरो दंड. वकील म्हणून मला हे दुसरे कलम मान्य आहे, कारण ते सक्ती करणाऱ्याला शिक्षा देते. पहिले कलम मात्र जिच्यावर सक्ती झाली असेल तिलाही दंड करते आणि जिच्यावर झाली नसेल तिलाही दंड करते. पीडितेलाच दंड करून तिची सुटका कशी होणार?

या कायद्याविरुद्ध एक फ्रेंच मुस्लिम तरुणी युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेली. तिचे म्हणणे असे की, मी नेहमी नकाब घालीत नाही, मला वाटेल तेव्हा घालते. कोणी माझ्यावर सक्ती केलेली नाही. बँकेत, विमानतळावर, ओळख पटविण्यासाठी चेहरा दाखविण्यास माझी ना नाही. १ जुलै २०१४ रोजी निकाल लागला. स्त्री-पुरुष समतेच्या नावाखाली ही बंदी घालता येत नाही हे न्यायालयाने मान्य केले. परंतु समाजात एकमेकांसमवेत राहण्यासाठी चेहरा दिसणे आवश्यक आहे, या कारणास्तव कायदा कायम ठेवला. २०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने अशाच दोन प्रकरणांत उलट मत दिले. कायद्याच्या विद्वानांतही हा प्रश्न वादाचा आहे, हे मी आपल्यापासून लपवीत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या काही नगरांनी समुद्रकिनाऱ्यावर अंगभर पोहण्याचा पोशाख घालण्यास मनाई केली. तेव्हा तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २६ ऑगस्ट रोजी अशी एक मनाई स्थगित केली. एका स्त्रीला अंग झाकले म्हणून वाळूवरून उठवावयाचे आणि दुसरीला केस दिसले म्हणून मोटारीत कोंबावयाचे, यांत शिक्षेचे प्रमाण सारखे नाही हे खरे. तेहरानचे फटके आणि फ्रान्सचा दंड एका मापाने मोजू नयेत. परंतु स्त्रीच्या अंगावरील वस्त्र मोजण्याचा अधिकार आपलाच, हा समज दोहोंकडे एकच आहे.

प्रवास करणाऱ्या स्त्रीला ही विसंगती सर्वांत अधिक जाणवते. सीमा ओलांडली की ती तीच राहते; तिच्याविषयीचा कायदा मात्र बदलतो. खेळाडूंची उदाहरणे पाहा. पुण्याची बुद्धिबळपटू सौम्या स्वामिनाथन हिने २०१८ साली इराणमधील हमदान येथे होणाऱ्या आशियाई स्पर्धेतून माघार घेतली, कारण तेथे परदेशी खेळाडूंनाही रुमाल बांधणे भाग होते. डिसेंबर २०२२ मध्ये इराणची बुद्धिबळपटू सारा खादेम कझाकस्तानमधील जागतिक स्पर्धेत रुमालाविना खेळली, आणि त्यानंतर तिला स्पेनमध्ये स्थायिक व्हावे लागले. पुण्याची मुलगी घरी परतली. इराणच्या मुलीला घर सोडावे लागले. नकार दोघींनी दिला, परंतु नकाराची किंमत दोघींना वेगवेगळी पडली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच्या उलट चित्र दिसले. परदेशातून आलेल्या मुस्लिम खेळाडू रुमाल बांधून मैदानावर उतरू शकत होत्या. यजमान फ्रान्सच्या स्वतःच्या खेळाडूंना ती मुभा नव्हती. सुनकांबा सिला या फ्रेंच धावपटूला उद्घाटनाच्या सोहळ्यात रुमालाऐवजी टोपी घालावी लागली. पाहुणीला जो हक्क, तो घरच्या मुलीला नाही!

वस्त्राच्या पलीकडे आणखी एक हक्क आहे, तो म्हणजे रस्त्याचा. सौदी अरेबियाने सप्टेंबर २०१९ मध्ये पर्यटकांस दार उघडले, तेव्हा परदेशी स्त्रियांना अबायाची सक्ती राहिली नाही; मर्यादशील पोशाख पुरे ठरला. त्याच वर्षी एकवीस वर्षांवरील सौदी स्त्रियांना पुरुष पालकाच्या परवानगीवाचून पारपत्र काढण्याची व प्रवासाची मुभा मिळाली. या दोहोंत दुसरी सुधारणा मला अधिक मोलाची वाटते. याउलट अफगाणिस्तानात तालिबानच्या राजवटीने डिसेंबर २०२१ मध्ये बहात्तर किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासास स्त्रीबरोबर जवळचा पुरुष नातेवाईक असावाच असे ठरविले, मे २०२२ मध्ये चेहरा झाकण्याचा हुकूम काढला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचे कायद्यात रूपांतर केले. मुलींच्या माध्यमिक शाळा बंद, विद्यापीठे बंद, रस्ता बंद. तेथे वस्त्र हा कोंडवाड्याचा केवळ बाहेरचा पडदा आहे.

आता आपल्या देशाकडे येऊ. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २५ ने धर्माचरणाचे स्वातंत्र्य दिले आहे. ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन आहे. वेष हा अभिव्यक्तीचा भाग होय, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथी नागरिकांच्या हक्कांच्या निकालात मान्य केले, आणि २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. असे असता फेब्रुवारी २०२२ मध्ये कर्नाटक शासनाने महाविद्यालयीन गणवेषाविषयी आदेश काढला आणि हिजाब घातलेल्या मुली दाराबाहेर राहिल्या. उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ रोजी हिजाब हे इस्लामचे अत्यावश्यक आचरण नाही असे म्हणून तो आदेश वैध ठरविला. सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. न्यायमूर्ती हेमंत गुप्ता यांनी आदेश उचलून धरला. न्यायमूर्ती सुधांशु धुलिया यांनी तो रद्दबातल ठरवून, हा निवडीचा प्रश्न आहे आणि मुलींचे शिक्षण महत्त्वाचे आहे, असे मत दिले. प्रकरण योग्य पीठासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवण्याचा आदेश झाला. मुंबईतही चेंबूरच्या एका महाविद्यालयाने अशीच बंदी घातली. उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये विद्यार्थिनींचा अर्ज फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०२४ रोजी हिजाब व टोपी यांवरील बंदीस अंशतः स्थगिती दिली, वर्गात बुरखा घालण्यास मात्र मुभा दिली नाही.

गणवेषाच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. गरीब-श्रीमंत एका रंगात बसावे, हे तत्त्व कोणाला अमान्य होईल? परंतु गणवेषाच्याच रंगाचा रुमाल डोक्यावर घेतल्याने ते तत्त्व मोडत नाही. मी पुन्हा माझा प्रश्न विचारतो. ती मुलगी नाही म्हणाली, तर तिचे काय जाते? तिची शाळा जाते. जिच्या घरी रूढी प्रबळ आहे, तिला बाहेरचे जग दाखविणारी एकच खिडकी होती. ती बंद करून आपण तिला रूढीच्याच हवाली केले.

येथे एक रास्त आक्षेप येतो. लहानपणापासून जिच्या मनावर पडद्याचे संस्कार झाले, तिच्या निवडीला निवड कसे म्हणावे? हा आक्षेप मी हलका समजत नाही. घरची शिक्षा सरकारच्या शिक्षेपेक्षा कठोर असू शकते. बाबासाहेबांनीही पाकिस्तानविषयीच्या आपल्या ग्रंथात पडद्याने मुस्लिम स्त्रियांच्या शरीराची व मनाची किती हानी होते, हे निर्भीडपणे लिहिले आहे. ती टीका करण्याचा हक्क आपण सोडावयाचा नाही. परंतु टीका करणे वेगळे आणि अंगावरील वस्त्राला हात घालणे वेगळे. संस्कारातून सुटण्याचा मार्ग शाळेतून, स्वतःच्या कमाईतून आणि एकटीने केलेल्या प्रवासातून जातो. हे तीन मार्ग ज्या स्त्रीला मोकळे आहेत, ती आज रुमाल बांधील, उद्या सोडील, परवा पुन्हा बांधील. तो तिचा प्रश्न राहील.

हे आपल्याला इतरांहून अधिक समजावे असे मला वाटते. वेष हे माणसाला पायरीवर उभे करण्याचे साधन कसे होते, हे आपल्या आज्यांनी भोगले आहे. त्रावणकोर संस्थानात खालच्या मानलेल्या जातींच्या नाडर स्त्रियांना छाती झाकण्याची बंदी होती. अनेक वर्षांच्या झगड्यानंतर १८५९ साली त्यांना अंग झाकण्याची परवानगी मिळाली. आपल्याकडे लुगडे कसे नेसावे आणि दागिना कोणत्या धातूचा घालावा, यावरूनच जात ओळखू येत असे. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेतली आणि अस्पृश्यतेची खूण सांगणारे लुगड्याचे नेसणे व दागिने टाकून द्या, असे त्यांना सांगितले. त्यांनी सांगितले, हुकूम सोडला नाही. त्यांच्यापाशी पोलीस नव्हता, दंडाची पावती नव्हती. स्त्रियांना ते पटले आणि त्यांनी आपल्या हातांनी आपले नेसणे बदलले. ती सुधारणा टिकली, कारण ती त्यांची स्वतःची होती. रझाशहाची सुधारणा त्याच्या सिंहासनाबरोबर ढासळली. या दोन उदाहरणांतील फरक ज्याला समजला, त्याला आजच्या व्याख्यानाचे सार समजले.

आता अखेरची आणि व्यवहाराची गोष्ट. आपल्यातील कित्येक जण आज शिक्षक आहेत, तिकीट तपासनीस आहेत, पोलीस शिपाई, परिचारिका, कारकून आहेत. निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावरही आपणच बसतो. नकार दिलेल्या स्त्रीचे काय होते, याचे उत्तर आता पुष्कळदा आपल्या हाती असते. म्हणून काही नियम पाठ करून ठेवा. पारपत्राच्या छायाचित्रात धार्मिक कारणासाठी डोके झाकलेले चालते. हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा मात्र दिसला पाहिजे. स्त्रीची झडती घ्यावयाची तर ती स्त्रीनेच, सभ्यतेची पूर्ण काळजी घेऊन घ्यावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४९ सांगते. मतदान केंद्रावर बुरखा घेतलेल्या मतदार स्त्रीची ओळख पटवावयाची असेल, तर ती आडोशाला, स्त्री कर्मचाऱ्याने पटवावी. ओळख पटविणे हा कायद्याचा हक्क आहे. अपमान करणे हा कोणाचाच हक्क नाही.

आणि जे अधिकारावर नाहीत, त्यांनाही काम आहे. आगगाडीच्या डब्यात बुरखा घेतलेली स्त्री चढली की काही उतारू एकमेकांकडे पाहून हसतात, काही जागा असूनही देत नाहीत. तेथे आपली मुले सोबत असतात आणि ती आपले पाहून शिकतात. त्या स्त्रीला सरकून जागा द्या. तिच्या मुलीला, शाळेत जातेस का, कितवीत आहेस, असे विचारा. तिने बुरखा का घातला, हे विचारू नका. तिला सांगावेसे वाटले तर ती सांगेल. मात्र कोणी तिच्यावर घरात जुलूम करीत असेल आणि तिने दाद मागितली, तर धर्म तिचा आहे म्हणून मागे सरू नका. तिच्याबरोबर पोलीस ठाण्यापर्यंत आणि गरज पडल्यास न्यायालयापर्यंत जा. आपल्या घरीही हाच प्रश्न विचारीत जा. आपल्या मुलीने, सुनेने एखादा वेष नाकारला, तर तिला बोलणी खावी लागतात काय, तिचे शिक्षण थांबते काय, तिचे माहेरी जाणे बंद होते काय? होत असेल, तर प्रथम ते दुरुस्त करा आणि मग तेहरानविषयी बोला.

जय भीम.